ओल्या कागदावरचा घाट

करूळ घाटातलं पावसाळी धुकं पांढरं नसतं. दरीच्या बाजूला, जिथं ढगाची जाडी कमी, तिथं त्यात पिवळसर उजेड असतो. डोंगराच्या अंगाला ते निळसर होतं, कारण त्याच्या मागं ओला काळा कातळ उभा असतो. रस्त्याच्या कडेला दरडीतून लाल पाणी वाहत येतं आणि तेवढ्या भागात धुक्याच्या तळाला तांबूस झाक चढते. म्हणायला सगळं राखाडीच, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. गेली कित्येक वर्षं मी हा घाट जलरंगात रंगवते आहे, आणि घाटात बसून मात्र तो कधीच रंगवलेला नाही.

माझं आजोळ घाटाखाली, वैभववाडीच्या बाजूला. लावणीच्या दिवसांत आई माहेरी मदतीला जायची आणि मला बरोबर न्यायची. कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर. बालिंग्याला भोगावतीचा पूल, पुढं कळे, मग दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर आलेलं नसेल तर गाडी वेळेत बावड्याला पोचायची. तिथं रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक भुईबावडा घाटानं उतरतो, दुसरा करूळ घाटानं. आमची एसटी करूळची. स्टँडवर ड्रायव्हर चहा घेऊन यायचे, काच पुसायचे, दिवे लावायचे आणि गाडी त्या ढगात शिरायची.

ढगच तो. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, चढताना थंड होतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब बनतात. खालून, कोकणातून पाहणाऱ्याला तो डोंगराला टेकलेला ढग दिसतो. घाटात असणाऱ्याला तेच धुकं. मार्गशीर्षात हेच डोंगर दूरवर निळे दिसतात, कारण कोरड्या, स्वच्छ हवेचे कण प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. आषाढात हवेत पाण्याचे थेंब असतात. ते हवेच्या कणांपेक्षा कितीतरी मोठे. सगळेच रंग ते सारखे विखुरतात, म्हणून निळाई जाते आणि उरतो तो नुसता उजेड, कमी किंवा जास्त. चित्रकाराला हे पुस्तकातून समजलं तरी चालतं, पण माझ्या बाबतीत ते आधी डोळ्यांना कळलं होतं. खिडकीच्या गजाला गाल लावून बसलेल्या मुलीला एवढं नक्की ठाऊक होतं की हिवाळ्यातला डोंगर रंगाचा असतो आणि पावसातला उजेडाचा.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला जागेवर बसून चित्र काढण्याचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. पहाटे पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठावर बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली मुलं आम्ही लहानपणापासून पाहिली. या शहराला निसर्गचित्राचं वेड लावलं ते आबालाल रहिमान यांनी. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिलेले आबालाल रंकाळ्याचं आणि कोटितीर्थाचं पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. खरं काय ते त्या तळ्याला माहीत. मला त्या कथेत नेहमी दुसरंच काही जाणवतं. ज्या माणसानं तेच पाणी इतकी वर्षं पाहिलं, त्याला कागद सोडून देता आले, कारण पाहिलेलं पाणी त्याच्याजवळच होतं.

उन्हातलं रंगवायला जागा लागते, मी अजूनही जाऊन बसते. झाडाच्या सावलीचा रंग, भिंतीवरून परतून आलेला प्रकाश, पाण्यातल्या प्रतिबिंबाची लांबी हे समोर असल्याशिवाय नीट सापडत नाही. घाटातल्या पावसाचं तसं नाही. एक तर तिथं कागद वाळत नाही. हवेतच इतकी ओल की पहिला हात दिल्यावर तासभर थांबलं तरी कागद ओलाच, आणि दुसरा हात दिला की पहिला उठून येतो. पण ही अडचण वरवरची आहे, छत्री आणि गाडीचं दार यांनी ती थोडीफार सुटेल. खरी गोष्ट अशी की धुकं कधी एका क्षणाचं नसतं. आत्ता दिसणारा कडा पुढच्या श्वासाला गेलेला असतो, त्याच्या जागी भलतंच एखादं झाड पुढं येतं, ते जायच्या आत खालून पाण्याचा आवाज वर येतो आणि तिथं दरी आहे हे कळतं. मन या सगळ्याचा मिळून एक घाट करतं. समोर बसून रंगवणारा हात त्या घाटाच्या मागं धावतो आणि दर वेळी एक तुकडा धरतो.

फोटोचंही तसंच. धुक्याचा फोटो पाहिला की तो मळकट का वाटतो हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. कॅमेऱ्याचं मोजमाप असं बसवलेलं असतं की समोरचं सगळं सरासरी मधल्या राखाडीवर यावं. त्यामुळे धुक्याचा पांढुरका उजेड तो खाली ओढतो, आणि ज्या धुक्यात आपण डोळे किलकिले करून उभे होतो ते फोटोत धुवट पाण्यासारखं दिसतं. फोटोत सगळं असतं, फांदी, खांब, दगडावरचा किलोमीटरचा आकडा; फक्त कशापेक्षा काय उजळ होतं, हे गेलेलं असतं. धुक्याच्या चित्रात तर तेवढंच हवं असतं.

आणि आठवण नेमकं तेवढंच ठेवते. मला घाटाच्या कुठल्या वळणावर किती झाडं आहेत हे सांगता येणार नाही. पण वळणाच्या आतला कातळ, त्याच्यापुढचा संरक्षक कठडा, कठड्यापलीकडची झाडं आणि त्यांच्यामागची रिकामी दरी यांत सगळ्यात काळं कोण, त्याच्याहून एक पायरी फिकं कोण, आणि कुठली कड विरघळली होती व कुठली धारदार होती, हे डोळे मिटून सांगता येतं. तपशील विसरले जातात, नातं राहतं. धुकंही डोंगराशी हेच करतं. म्हणून मला वाटतं की धुक्याचा देखावा आठवणीतून रंगवणं ही नाइलाजाची वाट नाही, या विषयाची तीच सरळ वाट आहे.

ही वाट अर्थात माझ्या आधी पुष्कळांनी मळली आहे. लंडनमध्ये थेम्सवरची रात्र रंगवणारा व्हिस्लर याची एक हकीकत त्याच्या सोबत्यानं लिहून ठेवली आहे. रात्री नदीकाठानं चालताना एक दृश्य त्याला आवडलं. सोबत्यानं स्केचबुक पुढं केलं, ते त्यानं घेतलं नाही. थोडा वेळ पाहिलं, मग नदीकडे पाठ फिरवली आणि कुठं काय आहे, कुठला दिवा कुठल्या इमारतीच्या वर आहे, हे धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. चुकलं तिथं पुन्हा वळून पाहिलं, पुन्हा म्हटलं. मग घरी जाऊन रंगवलं. ती चित्रं तैलरंगातली, पण पातळ केलेल्या रंगातली, जवळजवळ धुतलेली. ही हकीकत वाचली तेव्हा मला फार आपलंसं वाटलं, कारण एसटीत बसून मी तेच करत आले होते. ओठांतल्या ओठांत म्हणायचं: कातळ सगळ्यात काळा, पण खालून उजळ, कठडा ओला म्हणून वरची कड चमकती, झाडं दोन थरांत, मागचा थर जेमतेम, दरीत काही नाही, पण डावीकडे थोडं कोमट. हे म्हणणं मराठीत असावं लागतं असा माझा अनुभव आहे. 'कोमट', 'जेमतेम', 'विरलेलं' हे शब्द महिन्याभरानं आठवले तरी त्यांच्यासोबत रंग येतो.

रंगवायला मी पुण्यात, माझ्या टेबलावर बसते. बहुतेकदा घाटातून परतल्यावर बऱ्याच दिवसांनी, पाहिलेलं जरा निवळल्यावर. कागद सुती, ३०० जीएसएमचा, खरबरीत पोताचा. तो दोन्ही बाजूंनी भिजवायचा, बोर्डावर पसरायचा आणि मग काही करायचं नाही. ही थांबण्याची वेळ हाच जलरंगाचा कस. कागदावर पाणी चकाकत असतं तोवर रंग टाकला तर तो वाटेल तिथं पळतो. चकाकी मंद होते, रेशमासारखी उरते, तेव्हा रंग पसरतो पण आपला आकार पुरता सोडत नाही. ती चमकही गेली आणि कागद नुसता गार लागू लागला की मग कड धरते. आई पाकाची तार बोटांत बघायची तसं मी कागद तिरका धरून ती चमक बघते. घड्याळ इथं कामाचं नाही. पुण्यातला चैत्र आणि पुण्यातला श्रावण यांत हीच वेळ कितीतरी पटींनी बदलते.

माझा राखाडी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा. तयार ट्यूबमधला पेन्स ग्रे मी वापरत नाही. विल्यम पेन नावाच्या इंग्रज जलरंगकाराचं नाव त्याला मिळालं आहे आणि त्यानं तो विचारानंच बनवला असेल, पण घाटात तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीनचे कण पाण्यातून खाली बसताना कागदाच्या खळग्यांत साठतात. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली लोहयुक्त माती. घाटाखालचा जांभा लाल होतो तोही लोहामुळेच. ओल्या कागदावर हे दोघं एकत्र सोडले की पुरते मिसळत नाहीत. वाळताना एक जरा इकडे बसतो, एक जरा तिकडे, आणि राखाडीच्या आत निळा आणि तांबूस असे दोन श्वास दिसत राहतात. पावसातल्या कातळाकडे बराच वेळ पाहिलं की तोही असाच दिसतो. हे मी काढलेलं नसतं, मी फक्त पाण्याला तशी जागा करून दिलेली असते.

आधी दरी. दरी म्हणजे कागद. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो, आणि धुक्याचा सगळा उजेड त्या राखलेल्या कागदातून येतो. हे मला शिकवलं ते निसर्गचित्रानं नव्हे, सावळाराम हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्रानं. सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराचं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हाताच्या आडोशातून तिच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड पाहताना ते जलरंग आहेत यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. उजेड वरून आणता येत नाही, तो आधीपासून खाली असावा लागतो, हे त्या चित्रासमोर मनात पक्कं झालं.

दरीवर मी अगदी पातळ पिवळी माती फिरवते, दिसेल न दिसेल इतकी. ती ओली असतानाच मागच्या डोंगराचा पहिला हात, तोही असा की वरची कड लगेच विरावी. मग थांबायचं. चमक रेशमी झाली की दुसरा थर, थोडा घट्ट, थोडा तांबूस. इथं पाणी कमी घ्यावं लागतं. ब्रशात कागदापेक्षा जास्त पाणी असलं की ते आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. पुस्तकं तिला दोष म्हणतात. घाटाच्या चित्रात मी कधी कधी ती मुद्दाम येऊ देते, कारण वारा खालून वर येताना ढग नेमका असाच फाटतो, बोथट, नक्षीदार कडेनं. शेवटी, कागद जवळजवळ वाळल्यावर, कठडा आणि जवळचं एक झाड. आणखी काही नाही. त्यांचा गडदपणा मात्र मनाला पटतो त्याहून जास्त ठेवावा लागतो, कारण जलरंग वाळला की फिका होतो. ओल्या कागदावर जो घाट बरोबर दिसतो तो वाळल्यावर अर्धा निघून गेलेला असतो. म्हणजे रंगवताना समोर असतो तो घाट नव्हे, उद्या दिसणारा घाट. तोही मनातच धरावा लागतो.

आठवणीतून काढणाऱ्याला एक मोठा धोका असतो आणि त्याबद्दल मला तळमळीनं बोलावंसं वाटतं. आठवण संपते आणि हाताची सवय सुरू होते, ती जागा फार निसरडी आहे. धुक्याची जलरंगातली किती चित्रं आज सारखी दिसतात! मागं निळी रांग, मध्ये विरलेली झाडं, पुढं ओला रस्ता, त्यावर छत्री धरलेलं एक माणूस आणि त्याचं प्रतिबिंब. कौशल्य असतं, हवाही असते, पण ती कुठलीच हवा नसते. बंगालमध्ये हे पूर्वी एकदा घडून गेलं आहे. १९०३ च्या सुमारास योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले, त्यांचं काम पाहून अवनींद्रनाथ टागोरांनी आपलं वॉशचं तंत्र घडवलं. रंगवायचं, वाळू द्यायचं, सबंध कागद पाण्यात बुडवायचा, पुन्हा रंगवायचं. त्यांच्या स्वतःच्या चित्रांत ती धूसरता जिवंत आहे. पुढं अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तीच धूसरता सगळ्यावर सारखं पसरलेलं आवरण झाली. धुकं सगळ्यावर सारखं कधीच नसतं. जवळच्या काळ्या वस्तूला ते थोडं उजळवतं, दूरच्या काळ्याला पुष्कळ. आणि धबधब्याचं पांढरं पाणी मात्र दूर गेलं की उलट थोडं मळतं. हे मी विसरू लागले की मला कळतं, आता टेबलावरून उठून गगनबावड्याची गाडी धरायला हवी. आठवणीतून रंगवायचं म्हणजे घाट कमी पाहायचा असं नाही. जास्तच पाहावा लागतो.

इंग्रज चित्रकार टर्नरच्या रिगी डोंगराच्या तीन जलरंगांबद्दल मला म्हणून फार ओढ आहे. १८४१ च्या उन्हाळ्यात तो स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी राहिला, समोर रिगी. तिथं त्यानं छोटी कच्ची कामं केली आणि पुढच्या वर्षी लंडनला बसून मोठी चित्रं पुरी केली. एक निळा रिगी, एक लाल, एक गडद. डोंगर तोच, सरोवर तेच, सरोवरातल्या होड्याही ओळखीच्या. बदलते ती वेळ. पुस्तकातल्या छापील चित्रातही निळ्या रिगीत उजाडायच्या आधीचा गारवा अंगाला लागतो. डोंगर दिसायला साधा, बोथट पाठीचा. त्याच्या उंचीबद्दल टर्नरला काही सांगायचं नव्हतं. एका पहाटेत नेमका किती उजेड होता, एवढं तो महिनोन्‌महिने मनात सांभाळून लंडनपर्यंत घेऊन गेला.

वेळ ओळखली जाते का, हे मी लोकांच्या चेहऱ्यावर बघते. पुण्यातले मित्र विचारतात, हे कुठलं, महाबळेश्वर का? त्यात त्यांचं काही चुकत नाही, जागा सांगणारं चित्रात मी काही ठेवलेलंच नसतं. एकदा मामी पुण्याला आल्या होत्या. आयुष्य त्या घाटाच्या पायथ्याशी काढलेलं, चित्राबित्राशी संबंध नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदापुढं त्या पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हो म्हाताऱ्या पावसातलो घाट मा गो?" पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा; तरण्या पावसात ढग घाटात उभा राहत नाही, वारा त्याला पळवतो; म्हाताऱ्या पावसात तो येऊन बसतो आणि दिवस दिवस उठत नाही. मी जुलैच्या अखेरीचाच घाट धरला होता. मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडले. मामींनी 'औक्षवंत हो' म्हटलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मी मात्र त्या चित्राकडे पाहत राहिले, त्यांना ते कशावरून कळलं हे शोधत. बहुधा मागच्या डोंगरावरून. त्याची एकही कड धारदार नव्हती.

त्या चित्रात एकाच दिवसाचा घाट नव्हता हेही सांगायला हवं. आईबरोबरच्या प्रवासातली घोंगडीची ओली लोकर, कॉलेजच्या दिवसांत एकटीनं केलेला प्रवास, आजी गेल्याचं कळल्यावर रात्री उतरलेला घाट, सगळं त्यात आहे. त्या रात्री दिव्याच्या झोतात धुकं पिवळं होऊन समोर भिंतीसारखं उभं होतं आणि ड्रायव्हर दार उघडून कडेची पट्टी पाहत गाडी उतरवत होते. तो पिवळा मी दिवसाच्या चित्रातही दरीत सोडते. कुणी विचारलं तर त्याचं कारण ढगामागचा सूर्य असं सांगता येतं, आणि तेही खोटं नसतं.

आता घाट बदलला आहे. २०२४ मध्ये करूळ घाटाचा रस्ता रुंद करून काँक्रीटचा करायला घेतला, तेव्हा गाड्या भुईबावड्यानं वळवल्या होत्या. काम झाल्यावर पहिल्यांदा उतरले तेव्हा मी खिडकीशी बसून नेहमीप्रमाणे म्हणायला सुरुवात केली आणि अडखळले. कातळ सगळ्यात काळा, कठडा... पण जुना काळवंडलेला कठडा जिथं असायचा तिथं उंच, नवी, फिकी भिंत होती. ओलं नवं काँक्रीट कातळापेक्षा पुष्कळ उजळ असतं. त्यामुळे पुढची काळी पायरीच निघून गेली होती आणि धुकं रस्त्यापासूनच सुरू झाल्यासारखं वाटत होतं. परतल्यावर बरेच दिवस मी जुनाच कठडा काढत राहिले. तो मला पाठ होता. मग वाटलं, मामींच्या नातवंडांना हाच घाट पाठ होणार आहे, आणि त्यांच्या म्हाताऱ्या पावसातही ढग येऊन याच भिंतीवर बसणार आहे. परवाच्या कागदावर ती भिंत आली. अल्ट्रामरीन थेंबभर, बर्न्ट सिएना त्याहून कमी, पाणी पुष्कळ. आणि तिच्या मागच्या झाडांना आता पूर्वीपेक्षा एक पायरी गडद घ्यावं लागतं आहे, नाहीतर दरी मागं सरकत नाही.